पाणी आपापलं आणा

माझ्या दुकानात वॉशिंग मशीन दुरुस्त होतात, पण दुकानात पाणी नाही. हसू नका. आमच्या शहरात नळाला पाणी कधी पाचव्या दिवशी येतं, कधी आठव्या, आणि येतं तेव्हा माझं दुकान बंद असतं. टँकरचं विकतचं पाणी मशीनच्या चाचणीत घालवायचं म्हणजे जिवावर येतं. म्हणून दुकान टाकलं तेव्हाच दारावर पाटी लावली: 'मशीन चालवून बघायची असल्यास पाणी आपापलं आणा.' नवा माणूस पाटी वाचतो, माझ्या तोंडाकडं बघतो आणि पुन्हा पाटी वाचतो. जुनी गिऱ्हाइकं मात्र काही न बोलता स्कूटरला कॅन अडकवून येतात.

मी मूळचा लासूर स्टेशनचा. तिथं विहिरीवरच्या मोटारी भरायच्या एका दुकानात हात काळे करायला शिकलो. मोटार भरायची म्हणजे जळालेली तार उपसून काढायची आणि तांब्याची नवी तार वेढे मोजून बसवायची. पुढं शहरात आलो आणि विहिरीच्या मोटारी जाऊन कपड्यांच्या मोटारी आल्या. लग्नकार्यात पाहुणे विचारायचे, 'आपण काय करता?' मी सांगायचो, 'लोकांची धुणी.' आमच्या घरातलं माणूस यावर चिडायचं. तिला वाटायचं मी 'इंजिनिअरिंग वर्क्स' वगैरे काहीतरी म्हणावं.

माझा खरा जीव जुन्या दोन टपांच्या मशीनीत. ज्यांनी पाहिलीच नसेल त्यांच्यासाठी सांगतो. डावीकडं मोठा टप, त्यात खाली एक चकती गरगर फिरते आणि कपडे घुसळते. उजवीकडं छोटा टप, त्याला सगळे ड्रायर म्हणतात, तो कपडे जोरात फिरवून पाणी काढून टाकतो. एका टपातून दुसऱ्यात कपडे नेण्याचं काम माणसाचं. नवी फुल ऑटोमॅटिक हे सगळं आपल्या मनानं करते, पण तिला नळाला धार लागते, आणि एकदा वापरलेलं पाणी ती विचारल्याशिवाय ओतून देते. दोन टपांची मशीन तसं करत नाही. तुम्ही बटण फिरवेपर्यंत पाणी टपातच राहतं. आमच्या शहरातल्या बायका काय करतात, तर पहिल्या पाण्यात पांढरे कपडे, त्याच पाण्यात मग रंगीत, त्याच पाण्यात मग पायपुसणी, आणि शेवटी त्याच पाण्यानं जिना धुतात. ही अक्कल कंपनीच्या कुठल्या पुस्तकात लिहिलेली नाही.

सिडकोत एकदा एका काकूंकडं तक्रारीवरून गेलो. मुलानं पुण्याहून फुल ऑटोमॅटिक पाठवलेली. बघतो तर मशीनवर विणलेलं कव्हर, कव्हरवर फुलदाणी, आणि आत गोधड्या रचून ठेवलेल्या. म्हटलं, 'बिघाड काय आहे?' त्या म्हणाल्या, 'बिघाड काही नाही हो. पाणी नाही. पण तुम्ही मुलाला फोनवर बिघाड आहे म्हणून सांगा, नाहीतर त्याला वाईट वाटेल.' सांगितलं मी. 'बोर्ड गेलाय साहेब, पार्ट यायला वेळ लागेल.' पार्ट अजून येतोच आहे.

खुलताबादकडचा एक शेतकरी तर दुकानात येऊन थेट म्हणाला, 'अद्रक धुवायला कोणती मशीन चांगली?' मला वाटलं थट्टा करतोय. त्यानं जुनी मशीन नेली आणि काही महिन्यांनी परत आणली. चकतीखाली इतकी माती, की तिथंच अद्रक लावावी. मी तापलो. म्हटलं, 'पाटील, ही कपड्यांची मशीन आहे!' तो शांतपणे म्हणाला, 'मिस्त्री, मळ तो मळच. कपड्याचा काय, अद्रकीचा काय.' मी पान्हा घेऊन माती खरवडायला बसलो. पुढं आठवडाभर दुकानाला अद्रकीचा वास होता आणि शेजारचे दुकानदार चहा मागायला येत होते.

पण सगळ्यात जास्त मला कोड्यात टाकलं ते गयाबाईनं.

ती आली तेव्हा एका हातात पाण्याचा कॅन, काखेत ओल्या कपड्यांचं गाठोडं आणि दुसऱ्या हातात बांबूची काठी होती. चाळिशीची, काटक, आवाज खणखणीत.

"मशीनवाले मिस्त्री तुम्हीच का?"

"व्हय. म्हशी राखायच्या असतील तर चौकाच्या पलीकडं जा," मी काठीकडं बघत म्हटलं.

"म्हशी असत्या तर तुमचं त्वांड कशाला बघितलं असतं?"

तिनं कॅन खाली ठेवला आणि म्हणाली, "रोज चालंल अशी मशीन पायजे. जुनी. दोन टपाची. नवी नको. नवी दार लावून घेती, मंग मधी काठी घालाया येत नाय."

मशीनीत काठी कशाला घालायची? इतकी वर्षं हा धंदा केला, पण हा प्रश्न कुणी माझ्यापुढं टाकला नव्हता. मी विचारलं तर तिनं उत्तर देण्याऐवजी दोन्ही पंजे माझ्यासमोर उघडले.

ती हर्सूलच्या बाजूला एका वसाहतीत घरोघरची धुणी आपल्या घरी आणून धुवायची. लग्न होऊन आली तेव्हापासून हेच काम. सोड्याच्या आणि साबणाच्या पाण्यानं तिच्या बोटांची टोकं पांढरी पडली होती आणि वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत झाली होती. अंगठ्यावर एक रेघ दिसत नव्हती. भेगा होत्या त्या वेगळ्याच.

"रेशनच्या दुकानात अंगठा लागंना," ती म्हणाली. "दुकानदार चांगला हाय बिचारा. फडक्यानं पुसतो, दाबून धरतो, दुसरं बोट लावतो. मशीन लाल दिवा दाखवती. म्हणती, ही गयाबाई नाय. आता मी गयाबाई नाय तर कोण हाय, ते तरी सांग म्हणावं!"

कार्डावर दोनच नावं होती, तिचं आणि सासूचं. सासूनंही जन्मभर लोकांची धुणीच धुतलेली, तिची बोटं सुनेपेक्षा गुळगुळीत. मोबाइलवर नंबर येतो, तो सांगितला तरी धान्य मिळतं म्हणे, पण तो मोबाइल नवऱ्याच्या नावावर होता. नवरा गेला, पाठोपाठ तो नंबरही बंद पडला. दुकानदारानं बजावलं होतं की असंच चालू राहिलं तर कार्डच बंद पडेल. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी हात बघून सांगितलं होतं की काही महिने साबणाच्या पाण्यात बोट घालू नकोस, रेषा परत उगवतील.

"म्हणजे काम सोडू व्हय? घरं सोडली तर खाऊ काय? आन् घरं धरली तर अंगठा नाय. म्हून ही काठी. मशीन कपडे धुईल, काठी कपडे काढंल, माझा हात कोरडा."

"रबरी हातमोजे?"

"दगडावर घासताना टिकत नायत. आत घाम येतो, त्यानं आजून कातडी जाती."

मी आधी काठीवरून थट्टा केली होती त्याची लाज वाटली. माझी आई लासूरला ओढ्यावर धुणं धुवायची. तिचे हात मी किती वेळा हातात घेतले असतील, पण बोटांची टोकं कधी निरखून पाहिली नाहीत. तेव्हा अंगठा मागणारी मशीन नव्हती म्हणून, एवढंच.

मग आम्ही मशीन निवडायला बसलो. जुनी मशीन कशी घ्यायची ते तिला सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो, उपयोगी पडेल. वरचा रंग बघू नका, रंग मीच मारलेला असतो. मशीन आडवी करा आणि खालून बघा. पत्रा गंजलेला असेल तर सोडून द्या. तारा कुरतडलेल्या असतील तर उंदरांनी संसार थाटलाय असं समजा. चकती हातानं फिरवा, कुरकुर आवाज आला तर तिच्या दांड्याचा बुश झिजलाय. टपात पाणी भरा आणि थोडा वेळ खाली कागद ठेवा, कागद ओला झाला तर सील गळतंय. ड्रायर चालू असताना झाकण उघडा, तो लगेच थांबला पाहिजे, नाही थांबला तर ब्रेक ढिला. आणि टायमर फिरवून कान लावा. तो अडखळला तर पुढं रोज तुम्हाला छळेल. जुन्या मशीनीच्या मोटारीत तांब्याची तार असते, ती जळाली तरी मी पुन्हा भरतो. आता येतात त्यातल्या बऱ्याच मोटारी भरण्यापेक्षा फेकलेल्या परवडतात, आणि माझ्यासारख्या माणसाला त्याचं वाईट वाटतं.

दुकानात तेव्हा तीन मशीन तयार होत्या. एक पांढरीशुभ्र, मी स्वतः रंगवलेली, माझी लाडकी. एक भली मोठी. आणि एक हिरव्या झाकणाची, कोपरा उडालेली, जी मी कुणाला दाखवतही नसे. गयाबाईनं तिन्हींत आपलं पाणी आळीपाळीनं ओतलं, कपडे टाकले, आणि काठीनं ते एका टपातून दुसऱ्यात न्यायला लागली. पाणी एकच, प्रत्येक वेळी कॅनमध्ये परत भरून घ्यायची. पांढऱ्या मशीनला दोन टपांच्या मधे उंच कड होती, कपडा काठीवरून निसटून परत पाण्यात पडायचा. मोठीचा ड्रायर खोल होता, काठी तळाला पोचत नव्हती. हिरव्या झाकणाच्या मशीनचे दोन्ही टप एका पातळीत आणि मधली कड बसकी. ओलं धोतर काठीला गुंडाळलं, नुसतं ओढलं आणि ते आपोआप घसरत ड्रायरमध्ये गेलं.

"हीच."

"अहो, तिचा कोपरा बघा."

"कोपऱ्याला काय कपडे धुवायचेत? भाऊ, हीच द्या."

गिऱ्हाईक माझी लाडकी सोडून टाकाऊ मशीन नेतंय याचं खरंतर मला वाईट वाटलं. पण मनात एक गोष्ट सारखी घोळत होती. काठीनं मशीन निवडणारं हे पहिलंच माणूस. खरंच रेषा परत उगवतात का? मोटार भरता येते हे मला माहीत होतं. बोटाचं काय, ते बघायचं होतं.

मशीन तिच्या घरी मी स्वतः बसवून दिली. तिची सासू दारात बसून बघत होती. "ह्यात कपडे निघत्यात व्हय? आपटल्याबिगर मळ जातो का कुठं?" म्हातारीचा मशीनवर काडीचा विश्वास नव्हता. पहिल्या फेरीनंतर तिनं आपलं लुगडं उलटंपालटं करून बघितलं, वास घेतला आणि वाळत टाकलं. गयाबाई माझ्याकडं बघून हसली.

काही आठवडे बरे गेले. मग एक दिवस तिचा फोन आला. आवाजात नेहमीची खणखण नव्हती.

"भाऊ, मशीन घेऊन जा."

"बंद पडली?"

"मशीन ब्येस हाय. माणसं बंद पडली."

मी दुकान तसंच टाकून गेलो. गयाबाई मोरीत दगडावर बसून हातानं धुणं धुवत होती. तिच्या कोपरापर्यंत साबण होता. मला इतका राग आला की तिच्यावरच ओरडलो, "हात काढ आधी पाण्यातनं!"

घडलं होतं असं. पाणी थोडं, म्हणून तिनं सगळ्या घरांचे पांढरे कपडे पहिल्या पाण्यात टाकले, आणि सगळ्या घरांचे रंगीत मग त्याच पाण्यात. तिनं रंग वेगळे केले होते, घरं वेगळी केली नव्हती. आमच्या शहरातली कुठलीही बाई आपल्या घरात हेच करते. फक्त गयाबाईच्या टपात एक घर नव्हतं. समोरच्या गल्लीतले दाभाडेकाका, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले, पोथी वाचणारे. मागच्या गल्लीतल्या अमीनाखाला, नातवंडांत रमलेल्या, पाच वेळच्या नमाजी. शिवाय आणखी घरं. एके दिवशी घड्या घालताना घोळ झाला. काकांच्या गाठोड्यात खालांच्या नातवाची जाळीची टोपी निघाली, आणि खालांच्या गाठोड्यात काकांचं पूजेचं उपरणं.

दोघंही आपापल्या हातात दुसऱ्याची वस्तू घेऊन एकाच वेळी गयाबाईच्या दारात आले. टोपी, उपरण्याची अदलाबदल झाली. मग काकांनी विचारलं, "म्हणजे गयाबाई, सगळ्यांचे कपडे एकाच पाण्यात?"

गयाबाईला खोटं बोलता येत नाही. "व्हय," ती म्हणाली, "पाणी कुठंय दुसरं?"

झालं. काकांनी कपडे बंद केले. खालांनीही. मग बाकीची घरं कुजबुजायला लागली. घरं टिकावीत म्हणून गयाबाईनं सगळ्यांना सांगितलं, 'मी हातानं धुते, ज्याचं त्याचं वेगळं.' आणि ती परत दगडावर जाऊन बसली. मशीन कोपऱ्यात पडली. अंगठ्यावर कुठं बारीक रेघा दिसायला लागल्या होत्या, त्या पुन्हा गेल्या. तिनं मला अंगठा दाखवला आणि तिचे डोळे भरून आले. "नशीबच गुळगुळीत हाय माझं," ती म्हणाली.

मला वाटलं मशीन घेऊन गुमान परत जावं. लोकांच्या सोवळ्याओवळ्यात मोटार भरणाऱ्यानं कशाला पडायचं? पण बिघाड कुठं आहे हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, ही माझी खोड. मशीन बिघडते तेव्हा मी आधी विचारतो, नेमकं काय होतंय? आवाज येतोय, पाणी गळतंय, की फिरत नाही? तेच इथंही विचारायचं ठरवलं. म्हातारीनं दारात उभं राहून दोघांना हाका मारल्या. तिच्या हाकेला वसाहतीत कुणी नाही म्हणत नाही.

काका खुर्चीवर बसले. खाला उंबऱ्याशी उभ्या राहिल्या. एकमेकांकडं बघत नव्हते.

"काका, तुमचं नेमकं म्हणणं काय?" मी विचारलं. "मशीन नको, की एकत्र नको?"

काका जरा घुटमळले. "तसं नाही हो मिस्त्री. साबणाच्या पाण्यात काय, मळच असतो, कुणाचा का असेना. पण शेवटचं पाणी स्वच्छ पाहिजे. पूजेला बसायचं तर कपडा शेवटी चांगल्या पाण्यातून निघालेला असला पाहिजे. बाकी माझी काही हरकत नाही."

"और खाला, आपका?"

"मैं बी वोइच बोलरी ना बाबा," खाला म्हणाल्या. "साबुन का पानी कैसा बी रहने दो. नमाज के कपड़े हैं, आख़िर में साफ़ पानी से तीन बार निकलना. तीन बार. बस इत्ताच."

मी एकदा काकांकडं बघितलं, एकदा खालांकडं. दोघांची तक्रार एकच होती. हे ऐकून मला इतकं बरं वाटलं! बिघाड सापडला होता. मशीनच्या भाषेत सांगायचं तर धुण्याच्या टपात काही दोष नव्हता, दोष ड्रायरच्या बाजूला, शेवटच्या पाण्यात होता.

पण शेवटचं स्वच्छ पाणी आणायचं कुठून? टपभर पाणी प्रत्येक घरासाठी वेगळं म्हटलं तर गयाबाईच्या घरात आठवड्यालाही तेवढं येत नव्हतं. मी डोकं खाजवत बसलो. तेवढ्यात गयाबाई फणकारली. हात पदराला पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "मंग तुमचं पाणी तुम्हीच द्या की! ह्या भाऊच्या दुकानावर पाटी हाय, पाणी आपापलं आणा. मी तिथनं मशीन आणली तीबी माझं पाणी नेऊन. मला साबण-सोडा परवडतो, मेहनत परवडती. शेवटचं पाणी ज्याचं त्यानं पाठवा. गाठोड्यासंगं एक कॅन."

मग खाला म्हणाल्या, "एक कॅन में तीन बार कैसा होता?"

तिथं मात्र मला माझी मिस्तरकी दाखवता आली. बादलीत खळबळायचं म्हटलं तर तीन बादल्या पाणी लागतं. पण कपडे ड्रायरमध्ये घालून आधी साबणाचं पाणी पिळून काढलं, मग फिरत्या कपड्यांवर वरून बारीक धार सोडली, तर तेच पाणी कपड्याच्या आरपार जातं. पुन्हा पिळायचं, पुन्हा धार, पुन्हा पिळायचं. तीन वेळा होतं आणि छोटा कॅन पुरतो. हे करायला ड्रायरच्या झाकणाला भोक पाडून नरसाळं बसवावं लागणार होतं. आपण दुरुस्त केलेल्या मशीनला आपणच भोक पाडायचं म्हणजे जिवावर येतं, पण पाडलं. नरसाळं गयाबाईच्या चुलीजवळचं, रॉकेलच्या काळातलं. घासून लख्ख करून घेतलं.

पहिली फेरी कुणाची यावरून दोघं परत अडले. काका म्हणाले, आधी त्यांचं बघू द्या. खाला म्हणाल्या, नक्को, आप पहले. दोघांनाही कळत नव्हतं की पहिलं जाणं मानाचं की धोक्याचं. म्हातारी कंटाळली. "व्हा बाजूला," ती म्हणाली, "आधी माझं लुगडं." आणि पहिलं लुगडं म्हातारीचं निघालं. बाहेर येणारं पाणी आधी दुधासारखं, मग ताकाच्या निवळीसारखं, आणि तिसऱ्या वेळेला निव्वळ पाणी. खालांनी तीन बोटं मोजली. काकांनी चष्मा पुसून पाइपाच्या तोंडाशी वाकून बघितलं. "चालेल," ते म्हणाले. "हौ," खाला म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून गाठोड्याबरोबर कॅन यायला लागले. माझ्या दुकानातल्यासारखीच पाटी मी तिला खडूनं लिहून दिली. कोणाचा कॅन निळा, कोणाचा पिवळा, काकांच्या कॅनच्या मुठीला लाल दोरा. खालांच्या कॅनला फडक्याचं झाकण. कुणाकडं पाणी बोअरचं, कुणाकडं टँकरचं, कुणाकडं फिल्टरचं. काठीनं कपडे, कोरड्या हातानं बटण, साबणाला बोटसुद्धा नाही. टोप्या आणि उपरणी वेगळी ठेवायला तिनं दोन दोऱ्या बांधल्या.

मधे एकदा पाइपलाइन फुटली आणि वसाहतीला बरेच दिवस पाणी आलं नाही. दाभाडेकाकांचं गाठोडं आलं, कॅन आलाच नाही. दुसऱ्या दिवशी काकांचे कपडे धुऊन, घड्या होऊन त्यांच्या घरी गेले. कुणाच्या कॅनमधलं पाणी नरसाळ्यात गेलं, ते मी गयाबाईला विचारलं नाही. काकांनीही विचारलं नाही. फक्त पुढच्या वेळी पाणी आलं तेव्हा काकांकडून दोन कॅन आले, एक लाल दोऱ्याचा आणि एक बिनदोऱ्याचा, आणि बिनदोऱ्याचा कॅन गयाबाईनं मागच्या गल्लीत नेऊन दिला.

मी मधूनमधून मशीन बघायच्या निमित्तानं जायचो. खरं बघायचो तिचा अंगठा. ती हसून हात पुढं करायची. आधी नुसती खरखर, मग नखाजवळ एक-दोन रेघा, मग एक वळण. इतकं लक्ष देऊन मी कुठल्या मोटारीची तार बघितली नसेल. पण रेशनच्या दुकानात जायला ती तयार नव्हती. "लागला नाय तर?" म्हणायची. "एवढं करून लाल दिवा लागला तर मंग काय करू? असं हाय तवर निदान आशा तरी हाय."

शेवटी म्हातारीनं तिला पिटाळलं. मीही गेलो. मला बघायचंच होतं.

दुकानात रांग होती. गयाबाई रांगेत पदराखाली अंगठा झाकून उभी होती. नंबर आला. दुकानदारानं ओळखीनं मान हलवली, सवयीनं फडकं पुढं केलं. तिनं फडकं घेतलं नाही. अंगठा काचेवर ठेवला. लाल दिवा. दुकानदार म्हणाला, "हलवू नका." परत लाल. मनात म्हटलं, माझ्या दुकानातली मशीन असती तर उघडून बघितली असती, पण हिला आता काय सांगायचं? गयाबाईनं डोळे मिटले, अंगठा उचलला, पदराला पुसला आणि हळूच, दाबून न धरता, नुसता ठेवला.

मशीननं टिर्रर आवाज केला. हिरवा दिवा लागला आणि कागद बाहेर सरकायला लागला.

दुकानदारच आधी ओरडला, "लागला की ओ गयाबाई!" रांगेतल्या बाया हसायला लागल्या. कुणी पाठीवर थाप मारली. गयाबाईनं हिरव्या दिव्याकडं बघितलं, आपल्या अंगठ्याकडं बघितलं, आणि तोच अंगठा पुन्हा काचेवर ठेवला.

"ओ बाई, झालं तुमचं," दुकानदार म्हणाला. "एकदाच लावायचा असतो."

"राहू द्या ओ दादा," गयाबाई म्हणाली. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि अंगठा काचेवरच होता. "इतके महिने ही बया मला वळखत नव्हती. आज दोनदा वळखू द्या."